आईचे उपास, माझी छाती

५ जानेवारी १९९८
आजपासून रोज लिहिणार. भरती १ फेब्रुवारीला. टेलरच्या टेपने छाती मोजली. ७४. फुगवून ७६. पाहिजे ७७ सेंटिमीटर, फुगवून ८२. प्रियदर्शनीचा बाप, कळंब्याचे गणपतराव हवालदार (रिटायर), म्हणतात, पलटणीत लागलास तर पोरगी, न्हाईतर वाट धर. एस.वाय.ला कॉलेज सोडलं ते बरंच. उद्यापासून पळणार.

६ जानेवारी
थंडी फार.

९ जानेवारी
सलूनमध्ये पेपरची पुरवणी वाचली. बाईनं पोटुशी असताना जे खाल्लं त्यावर पोराची हाडं, फुप्फुसं, सगळं ठरतं. डॉक्टरनंच लिहिलंय. कात्रण फाडून आणलं. (न्हाव्याशी भांडण.) पायाच कच्चा तर पळून उपयोग काय?
तडक आईला विचारलं, मी पोटात असताना काय खात होतीस? म्हणाली, सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरायची की रं, तुझ्यासाठीच. डोकं सटकलं. ताट ढकललं. म्हटलं, माझा संसार तू पोटातच मोडलास. आईनं सांडलेली आमटी पुसून घेतली.

१२ जानेवारी
बाळाबाई आत्या आली. म्हणाली, मुडद्या, उपास व्हता, पण खायाची किती! शाबूची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, वर तांब्याभर म्हशीचं दूध. आठ पौंडाचा जन्मलास. सुईण म्हणाली पैलवान आला.
आत्याला आईची बाजू घ्यायची खोडच आहे.

१८ जानेवारी
प्रियदर्शनी रंकाळा तलावावर भेटली. कात्रण दाखवलं. म्हणाली, ह्यात पळू नये असं कुठं लिहिलंय? एक फेरी मारून दाखव बघू. पाव मारली. चप्पल नवी होती.
जाताना म्हणाली, बाबांपुढं तुझ्यासाठी किती भांडायचं रे मी?
भांडते म्हणजे प्रेम आहे!

१ फेब्रुवारी, रविवार
पळताना तिसऱ्या फेरीत खाली बसलो. तरी हट्टानं छाती मोजायला लावली. ७४. फुगवून ७६. सुभेदाराला कात्रण दिलं. म्हणाला, भरती तुझी हाय का आईची? सगळं ग्राउंड हसलं.

२ फेब्रुवारी
जेवलो नाही. आईवर ओरडलो, जा, हवालदारांना तूच सांग तुझ्या तोंडानं. न्हाईतर रंकाळा जवळ आहे.

३ फेब्रुवारी
आई खरंच गेली. के.एम.टी.च्या बसनं, एकटी. दुपारी आली. म्हणाली, सगळं माझ्यावर घेतलं. सांगितलं, नऊ महिने पोटात अन्न ठरलं न्हाई, दूध बघितलं की शिसारी यायची, पोराचा दोष न्हाई. मी विचारलं, मग आत्या म्हणत होती ते तांब्याभर दूध? म्हणाली, ऱ्हाऊ दे. तुला पाहिजे व्हतं तेच सांगितलं न्हवं?
हवालदारांनी आईला चहा दिला. लक्षण चांगलं. दाढी केली.

५ फेब्रुवारी
प्रियदर्शनी भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, बाबांना पटलं. मी हात धरायला गेलो. तिनं मागं घेतला. म्हणाली, तुझ्या आईचं पटलं. बाबा म्हणतात, मला वाटलं पोरगं आळशी हाय. आळशाला सहा महिन्यांत लाथ घालून सरळ केला असता, पुढच्या भरतीला उभा केला असता. पण पोटातनंच कमजोर म्हटल्यावर माझ्या नातवंडांचं काय? रविवारी मलकापूरचे पावणे बघायला येतायत.
मी स्टॉपवर ओरडलो, अगं मी आळशीच आहे! आईशप्पथ! आत्याला विचार, आठ पौंड!
लोक बघायला लागले. ती बसमध्ये चढली.

६ फेब्रुवारी
सकाळी घरापासून कळंब्यापर्यंत पळत गेलो. कुठंही न थांबता! आयुष्यात पहिल्यांदा. हवालदार अंगणात होते. म्हटलं, बघा. बोलायला दम पुरेना. त्यांनी धावत येऊन मला धरलं, खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. इतक्या मायेनं कधीच बोलले नव्हते. म्हणाले, असं पळू नको लेकरा, तुझ्या जिवाला झेपायचं न्हाई.
रिक्षात बसवून घरी पाठवलं.