सगळी बटणं बंद करून जा

चिरंजीव भाच्यास मावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? कॉम्प्युटरपुढे वाकून बसू नकोस म्हणून मी तुझ्या मागे लागायची. आता माझा कुठलाही सल्ला ऐकायचा की नाही, ते पत्र संपल्यावर ठरव. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी बोलते आहे, लिहिणारी लिहिते आहे, आणि एकही शब्द गाळणार नाही असं तिच्याकडून आधीच कबूल करून घेतलं आहे.

तर, माझी सून. एक पाय आखूड, एक वाकडा अशा मुलांसाठी ती मापाचे बूट शिवते, हे तू पाहिलंच आहेस. तिच्या कामाची वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा ती ठेवायला भाड्याची जागा लागते, तिला होस्टिंग म्हणतात, हे तूच समजावलंस. जागा देणाऱ्याला काय विचारायचं तेही सांगितलंस: वीज गेली तर काय सोय, एक यंत्र बंद पडलं तर दुसरं आहे का, सुट्टीच्या दिवशी कोण बघतं. त्यावर मी काय म्हणाले? त्याला यंत्रं कळतात, माणसं कळत नाहीत. मागच्या खोलीचे भाडेकरू आजवर कोणी निवडले? (मीच निवडले. त्यातला एक जाताना नळाची तोटी घेऊन गेला, पण ते राहू दे.)

सुनेला नंबर लावायला सांगून मी एकेकाची परीक्षा घेतली. पहिल्या कंपनीत यंत्रच बोललं, हे दाबा, ते दाबा, आणि मग नुसती पिपाणी. दुसरीकडची मुलगी तुझ्या सगळ्या प्रश्नांना फटाफट उत्तरं देत होती, म्हणून मला आगाऊ वाटली. तिसऱ्याने लगेच फोन उचलला. "बोला आजी!" झालं, मी विरघळले. मागे गडबड नाही, घाई नाही, वर माझ्या गुडघ्याची चौकशी. (ज्याला एवढी सवड, त्याला गिऱ्हाईक कुठून असणार, हे मला सुचू नये?) सून म्हणाली, "आई, भाऊजींना एकदा विचारू या का?" मी म्हटलं, माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सांग. ती गप्प बसली. ती माझ्यापुढे नेहमीच गप्प बसते. मी त्याला संस्कार समजत आले.

पुढे त्या गृहस्थाला मी अधूनमधून फोन करायची. वेबसाइट ठेवायचं यंत्र म्हणे त्याच्या घरातच, टेबलाखाली होतं. एकदा म्हणाला, आजी, चार दिवस बहिणीकडे चाललोय. मी म्हटलं, जा बाबा, पण घरातली सगळी बटणं बंद करून जा हो, आगी अशाच लागतात. निघाला आज्ञाधारक! मेन स्विचच खाली ओढून गेला.

नेमक्या त्याच दिवसांत मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वेबसाइट बघून सुनेला वर्षभराचं काम द्यायचं की नाही ते ठरवणार होत्या. त्यांना दिसलं कोरं पान. काम दुसरीकडे गेलं. वेबसाइट बंद पडायच्या आदल्याच दिवशी सुनेने बुटांचे नवे फोटो चढवले होते, म्हणून आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं तिने धरून ठेवलं. बाईंची माफी मागितली, माझ्या मुलाची मागितली, लाकडी साचे पुसता पुसता रडली. आणि तो गृहस्थ परत आल्यावर फोनवर मला कौतुकाने सांगतो, "आजी, तुम्ही सांगितलं तसंच केलं!" मी मूग गिळून बसले. वर तिलाच म्हणाले, असू दे गं, चुकतं माणूस. भाच्या, हे बोलताना माझी जीभ झडली कशी नाही!

तेव्हा आमची वेबसाइट तिथून हलवायची व्यवस्था तू कर.

तुझी, सल्ले द्यायचं बंद केलेली,
मावशी

ता. क. पुन्हा आपल्या हातून काही बिघडलं तर सावरणारं कोणी हवं म्हणून सुनेने कालच त्या आगाऊ मुलीला फोन करून तुझे सगळे प्रश्न विचारले आणि जागा पक्की केली. म्हणजे तुझ्याकडे तसं काही काम नाही.

पुन्हा ता. क. लिहिणारी माझी सूनच आहे. तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून तुझ्या नावाने सांगितलं. मेन स्विचपाशी तिचं पेन थांबलं. मी छताकडे बघत पुढे बोलत राहिले. हे पत्र टाकायचं की फाडायचं, ते आता तिने ठरवावं.

भाऊजी, पत्र टाकते आहे. एकही शब्द गाळलेला नाही. मी रागावले आहे, पण ते तुम्ही आईंना कळवू नका. मीच सांगणार आहे, तोंडावर. आत्ताच त्या घाईघाईने आत गेल्या, आणि जाताना सवयीने या खोलीचा दिवा बंद करून गेल्या. मी उठून पुन्हा लावला, मग एवढं लिहिलं.