एकोणपन्नास किलो

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कळलं — त्या उडत्या खुर्चीत रेश्मा बसणार! आमची सून!

माझा मुलगा धैर्यशील आठ महिने शेडमध्ये ती बनवतोय. एका माणसाची, आठ पंख्यांची. उसावर फवारणी करतात त्या ड्रोनचीच थोरली बहीण. मला वाटलं होतं, तोच बसेल. धास्ती होतीच. पण तो चौऱ्याऐंशी किलोचा. खुर्ची उचलते पंचावन्न. रेश्मा एकोणपन्नास.

मी म्हटलं, मोठी बॅटरी घाल. "आबा, बॅटरी वाढवली की वजन वाढतंय. वजन वाढलं की बॅटरी लवकर संपती." आत्ताच सहा मिनिटं चालते. सहा मिनिटांत माझी आंघोळ होत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

धैर्यशीलला विचारलं, एक पंखा बंद पडला तर? सात सांभाळतील म्हणाला. आणि दोन? रेश्माच बोलली, "मामा, पॅराशूट हाय की. पर त्ये उघडाय शंभर फूट लागत्यात." आणि उडणार किती? वीस फूट! पडून मरायला पुरेसं, वाचायला कमी.

माझी बायको शालू म्हणाली, "आवं, तुमी जत्रंतल्या पाळण्यात बी कवा बसला न्हाईसा. तुमाला इचारतंय कोण?"

खरं आहे. सातवीतून शाळा सुटलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतं?

८ नोव्हेंबर, शनिवार

पोत्यात वाळू भरून वजन केलं. बरोबर एकोणपन्नास. उद्या रेश्माच्या जागी पोतं उडणार. ते नीट उतरलं, की मग ती.

मारुतीच्या देवळापुढून बिब्बा, लिंबू-मिरची आणली. ट्रॅक्टरला दर शनिवारी बांधतो, तशीच तारेत ओवलेली. सगळे चहाला गेल्यावर पंख्याच्या दांडीला खालून बांधली. कुणाला सांगितलं नाही. हसतील.

९ नोव्हेंबर, रविवार

पडलं.

ऊस तोडलेल्या मोकळ्या रानात पोतं पट्ट्यानं आवळून बसवलं होतं. उचललं — छान उचललं! रेश्मा टाळ्या वाजवत होती. मग खाड् असा आवाज. खुर्ची एका अंगाला कलली, उलटली, आदळली. पोतं फाटलं. वाळू सगळीकडे. मला वाळू दिसेना. रेश्माच दिसत होती.

कसा धावलो कोण जाणे, पण सगळ्यांच्या आधी मी पोचलो. पंख्याच्या दांड्यात तार गुंडाळलेली, तुटलेलं पातं शेजारच्या पंख्यात अडकलेलं. बिब्बा अजून तिलाच लोंबत होता. ट्रॅक्टरला ती कधी गुंतली नाही! ओढून काढली, खिशात घातली. बोट कापलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिसरा पंखा आधी थांबला, मग शेजारचा चौथा, असं धैर्यशीलच्या लॅपटॉपवर दिसतं. तिसऱ्याची वायर सोल्डरिंगचा डाग दिलेल्या जागी तुटलेली. पडताना तुटली असणार, हे मलाच ठाऊक. पण तो रेश्माला म्हणाला, "डाग तूच दिलतास न्हवं?"

सगळे डाग तिनंच दिलेत. आयटीआय झालेली आहे. तिनं नुसती मान हलवली.

"बास. शेड बंद. इकून टाकतो समदं."

तार माझ्या खिशातच राहिली. वाईट वाटायला हवं होतं. पण जेवण गोड लागलं — आठवड्यात पहिल्यांदा! कुणी उडणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोट ठणकतंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गावातला कोंडीबा त्याचा फवारणीचा ड्रोन दुरुस्तीला घेऊन आला. रेश्मानं परत पाठवला. कोंडीबा दारातूनच ओरडला, "आगं, तुज्या हाताबिगर कुणाकडं जाऊ?" ती आत निघून गेली.

मी विचारलं, का गं? हात पुढं केला. थरथरत होता. "मामा, त्या पोत्यात मी असती तर? आणि माज्याच हातानं. आता साधं बटण लावायचं बी भ्या वाटतंय."

सांगितलं, तर शेड उघडेल. शेड उघडली, तर ती वर जाईल. नाही सांगितलं, तर ती जिवंत राहील — अशी.

देवा, दोन्हीकडून मीच!

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. तार पुढ्यात ठेवली. धैर्यशील नको ते बोलला. सगळं रास्त होतं. शालूनं तोंड फिरवलं.

रेश्मा उठली. शेडमध्ये जाऊन दोन तास डाग देत बसली. मी दारातून पाहिलं — हात स्थिर होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

खुर्ची दुरुस्त झाली, नवं पोतं उडून नीट उतरलं. उद्या सकाळी वारा नसला, तर रेश्मा बसणार.