बावन्न सीटर टाकी

३ ऑक्टोबर. सकाळी सहा.
रिटायर होऊन आज तीन महिने. ठरलं! स्लॅबवर पाण्याची टाकी बांधायची, आणि तीही बसच्या आकाराची. समोरच्या उजागर सिंगच्या छपरावरची टाकी विमानाच्या आकाराची आहे, कारण त्याचे दोन्ही मुलगे कॅनडात. गल्लीत कुणाकडे फुटबॉल, कुणाकडे घार. मी विमानात कधी बसलो नाही. पण जालंधर–नकोदर रूटवर एकतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि एकाही सवारीला ‘जागा नाही, मागून गाडी रिकामी येतेय’ असं म्हणालो नाही. हे गावाला लांबून दिसलं पाहिजे.

त्याच दिवशी, दुपारी.
ग्यानचंद मिस्त्री बघून गेला. म्हणाला, तीन हजार लिटर? चार इंची स्लॅब, मधे बीम नाही, खाली स्वयंपाकघर. नाही पेलणार, कंडक्टरसाब. मी म्हटलं, बावन्न सीटच्या गाडीत मी नव्वद माणसं कोंबलीयत, लोड मला शिकवतोस? टेप गुंडाळून निघून गेला. पटलं असावं.

५ ऑक्टोबर.
गणित मांडलं. तीन हजार लिटर म्हणजे तीन हजार किलो. एक सवारी सत्तर किलो, पिशवीसकट. म्हणजे जेमतेम त्रेचाळीस सवाऱ्या! नऊ सीट रिकाम्याच. हे मिस्त्री लोक उगाच घाबरवतात.
बायकोला, म्हणजे आमच्या सरदारनीला, नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि चूल अंगणात नेली. म्हणाली, तुमचं गणित डोक्यावर घेऊन मी रोट्या भाजणार नाही.

११ ऑक्टोबर. रविवार.
लोड टेस्ट. जिलबीचं आमिष दाखवून बरोब्बर त्रेचाळीस माणसं स्लॅबवर चढवली. शिट्टी मारली, ‘पुढे सरका, पुढे सरका’ केलं. जुने दिवस आठवून भरून आलं. स्लॅबने हूं की चूं केलं नाही!
सरदारनी खालून ओरडली, अहो, सगळे कठड्याला टेकून उजागरचं विमान बघतायत, मधे कोण आहे? मधे मी होतो. एकटा. पण जोरात शिट्टी मारत होतो.

१४ ऑक्टोबर.
मिस्त्रीने नवीन खुसपट काढलं. म्हणाला, पाण्याच्या त्रेचाळीस सवाऱ्या धरल्यात, पण बसचं स्वतःचं वजन? विटा, सिमेंट, जाळी मिळून दोन टन तरी होतील.
खरं सांगायचं तर हे डोक्यात आलंच नव्हतं. कंडक्टर सवाऱ्या मोजतो. गाडीचं ड्रायव्हरने बघायचं.
उपाय सापडला. चाकं बांधायचीच नाहीत.

२८ ऑक्टोबर.
बस उभी! कपाळावर ‘जालंधर–नकोदर’ पाटी. चाकं बांधलीच शेवटी, नाहीतर बिस्किटाचा डबा दिसला असता. मिस्त्रीने स्वयंपाकघरात आठ लाकडी बल्ल्यांचे टेकू लावलेत. मी सरदारनीला म्हटलं, त्यांना उभ्या सवाऱ्या समज. ती म्हणाली, उभ्या सवाऱ्या नकोदर आलं की उतरतात.

१ नोव्हेंबर.
उजागर सिंगने भर गल्लीत विचारलं, कंडक्टर, तुझी गाडी किती दिवस कुबड्यांवर चालणार? घरी आलो आणि टेकू काढले. आठही. स्लॅब जिथल्या तिथे. उद्या पाणी.

२ नोव्हेंबर. सकाळी.
पाइप जोडला. दोन शिट्ट्या, मोटर चालू!

त्याच दिवशी, संध्याकाळी.
अर्धी टाकी भरेपर्यंत सगळं ठीक होतं. सरदारनीला लोणच्याची बरणी हवी होती. मीच म्हटलं, जा ना आत, बिनधास्त जा. ती आत गेली आणि कडाड् झालं. स्लॅब चार बोटं खाली आला, चौकट दाबली गेली, दार अडकलं. आतून तिचा आवाज आला, बघत काय बसलात, आधी सवाऱ्या उतरवा!
वर धावलो. शिडी चढताना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वजन आठवलं. टाकीच्या तळाचा नळ सोडला आणि शिट्टी मारत सुटलो. उजागर सिंग कुऱ्हाड घेऊन आला, त्याने दार फोडलं. सरदारनी बाहेर आली. केसांत प्लास्टर, बरणी छातीशी. मी रडलो. ती रडली नाही.

५ नोव्हेंबर.
मिस्त्री म्हणतो, अख्खा स्लॅब पाडावा लागेल. स्लॅब मुळातच कच्चा होता, हे माझं मत. सध्या कुणाला सांगितलेलं नाही.

११ नोव्हेंबर.
बस तुकड्यातुकड्यांनी खाली आली. तोंड तेवढं शाबूत आहे, ते दाराशी टेकवून ठेवलंय. जाणारे-येणारे विचारतात, गाडी कधी सुटणार? न्हाणीघरावर आता पाचशे लिटरची काळी प्लास्टिकची टाकी आहे. सरदारनीने मिस्त्रीला विचारून स्वतः आणली.
दुपारी अंगणात गेलो. चुलीपाशी बाजेवर मिस्त्री आणि उजागर सिंग जेवायला बसले होते. गरम रोट्या, ते लोणचं. मी पण कडेला टेकायला लागलो. सरदारनीने तव्यावरून मान वर केली नाही. म्हणाली, जागा नाही. मागून गाडी रिकामी येतेय.