मागे बसणाऱ्यासाठी गाडी

अब्बा, मी मोटारसायकल घेतली. गिअरची, साडेतीनशे सीसीची. आणि तिच्यावर मागे माणूस बसवून लातूरहून बदामीला जाऊन आले. तुम्ही असता तर हे ऐकून हातातलं दाभण खाली ठेवलं असतं, चष्मा कपाळावर सरकवला असता आणि विचारलं असतं, मागे कोण होतं? तेच सांगायला बसलेय. घरात आपण कधी मराठीत बोललो नाही. पण दुकानात गिऱ्हाईक नसलं की तुम्ही माझ्या निबंधाच्या वह्या वाचायचात, चुकलेल्या वेलांटीवर बोट ठेवायचात. आता तेवीस वर्षं झाली, मीच दुसऱ्यांच्या पोरांच्या वेलांट्या दुरुस्त करतेय. म्हणून हे मराठीतच.

नांदेडचं, देगलूर नाक्याजवळचं आपलं दुकान अजून तिथंच आहे. दारात टांगलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या, फोमचा तो उग्र वास, आणि मधोमध तुम्ही, मांडीवर कुणाच्या तरी गाडीची सीट उलटी घेऊन बसलेले. गिऱ्हाईक यायचं ते चकचकीत कव्हर पाहिजे म्हणून. तुम्ही आधी विचारायचात, "मागे कोण बसतं?" बायको बसते, म्हातारी आई बसते, दुधाचे कॅन असतात, जे असेल त्याप्रमाणे तुमचा फोम बदलायचा. चालवणाऱ्याला हँडल असतं, पाय टेकायला जमीन असते, मागच्याला फक्त सीट असते असं तुम्ही म्हणायचात आणि अंगठ्यानं फोम दाबून तो किती वेळात वर येतो ते बघायचात. मी अभ्यासाला तिथंच बसायची. मला वाटायचं सगळ्यांचे अब्बा असंच काहीतरी विचारत असतील.

मला गाडी तुम्हीच शिकवलीत, हे अम्मीला शेवटपर्यंत पटलं नाही. रविवारी सकाळी नदीकाठच्या मैदानावर तुम्ही मला पुढं बसवायचात आणि स्वतः दूर जाऊन उभं राहायचात. क्लच सुटला की गाडी आचका देऊन बंद पडायची. तुम्ही तिथूनच हात हलवायचात, पुन्हा. आणि मग तो दिवस. मी सतरा वर्षांची, भाऊ अकरा. तुम्ही दुकानात नाही असं बघून मी किल्ली घेतली, त्याला मागे बसवलं आणि इतवाऱ्याच्या बाजाराकडं निघाले. गल्लीतून हातगाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला, मी थांबले, गाडी थांबली. भाऊ मात्र नाही थांबला. तो बाजूला फेकला गेला, हनुवटी फुटली, तीन टाके पडले. संध्याकाळी तुम्ही मला दुकानात बोलावलंत. दोन गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून तुम्ही मराठीत बोललात, आणि म्हणूनच ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "चालवता येतं तुला. पण मागे माणूस बसवायची लायकी न्हाई तुझी. मागचा माणूस आंधळा असतो. त्याला खड्डा दिसत न्हाई, ब्रेक कळत न्हाई. तू तुझ्यापुरती चालवलीस." किल्ली गल्ल्याच्या खणात गेली. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. पुढच्या रविवारी मी सकाळी आवरून बसले होते. तुम्ही एकटेच बाहेर पडलात.

लग्नानंतर लातूरला मी स्कूटी घेतली ती शाळेत जायला. तिच्यावर मी एकटीच बसले, कायम. शाळेतली एखादी बाई म्हणायची, चौकापर्यंत सोडा की. मी म्हणायची, मला दुसरीकडं जायचंय. लेकीला शाळेत न्यायचं आणायचं काम तुमच्या जावयांचं. त्यांना त्याचं कारण कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांना गाडीवर बसायला निमित्तच लागायचं. औषधांची बॅग टाकीवर ठेवून चोवीस वर्षं ते फिरले. आज जळकोट, उद्या औसा, परवा नायगाव, डॉक्टरांच्या दारात ताटकळायचं आणि पुन्हा रस्ता. एवढं फिरून त्यांची हौस फिटली नव्हती. कुठल्याशा दवाखान्यातल्या कॅलेंडरवर बदामीच्या लेण्यांचं चित्र होतं, ते पान ते मागून घेऊन आले होते. म्हणायचे, "रिटायर झालो की दोघं जाऊ, गाडीवर. मधी थांबत थांबत."

मग काचबिंदू निघाला, अब्बा. फार उशिरा कळलं. आता एका डोळ्याला नुसता उजेड आणि अंधार कळतो, दुसऱ्याला धुक्यातून ठिपकाभर दिसतं. गाडी विकली. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले आणि रस्त्यावरून जाणारी गाडी आवाजावरून ओळखायला लागले. कुणाची चेन सैल झालीय, कुणी चुकीच्या गिअरमध्ये चढ चढतंय. पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. वर्षभरानंतर तो आवाज ऐकताना त्यांचा उजवा हात मुठीत वळतो हे लक्षात आलं. एके दिवशी जेवताना मी म्हणाले, "बदामीला जाऊ."

"एस्टीनं?"

"गाडीवर. मी चालवते."

"अन् मी?"

"तुम्ही मागे."

त्यांनी घास खाली ठेवला. "मी काय पार्सल हाय का?" म्हणाले. ताट सरकवून गॅलरीत जाऊन बसले. पण मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी आरटीओत जाऊन गिअरच्या गाडीचा अर्ज भरला. सत्तेचाळीसाव्या वर्षी, कॉलेजातल्या पोरांच्या रांगेत उभी राहून मी आठचा आकडा काढला. एक पोरगी मागून म्हणाली, "काकू, तुम्ही कशाला करून राहिल्या हे?" मी म्हणाले, "लांब जायचंय."

गाडी निवडायला मला दोन महिने लागले. दुकानदार मला दाखवायचे ते टाकीचा रंग आणि पुढचे दिवे. एकजण म्हणाला, "मॅडम, सर चालवणार ना?" मी म्हणाले, "मी चालवणार, ते मागे बसणार, म्हणून आधी मी मागे बसून बघणार. औशापर्यंत घेऊन चला." त्याला वाटलं मी थट्टा करतेय. पण शोरूमचा एक मेकॅनिक तयार झाला. पहिली गाडी उंच होती, डोंगरात पळवतात तसली. मागच्या सीटवर चढताना मीच दोनदा घसरले. वर सीट पुढं उतरती. प्रत्येक ब्रेकला मी त्या बिचाऱ्याच्या पाठीवर जाऊन आदळायची. औसा येईपर्यंत गुडघे पोटाशी आले होते. ती बाद. दुसरी साडेसहाशेची, दोन सिलिंडरची. मागे बसले तर काय सांगू, नुसतं तळ्यातून चालल्यासारखं. मी घेणारच होते. पण शोरूमच्या उतारावर ती मागं चढवायला गेले आणि ती वीतभरही हलेना. मागे पंच्याहत्तर किलोचा माणूस बसलेला, त्याला जमीन दिसत नाही, आणि ही गाडी एका बाजूला कलली तर मी काय धरणार? त्याला की तिला? मन मारून तीही बाद केली. तिसरी ही. बुटकी, लांबोडी, माझे दोन्ही पाय सपाट टेकतात. इंजिन साधं, जोरात पळत नाही, ऐंशीच्या पुढं थरथरते. पण पाय ठेवायचे पायटे खाली आहेत, मागच्याची मांडी मोकळी राहते, पाठीला टेकू बसवता येतो. फक्त मागची सीट आखूड आणि कडक. ते बघून मला हसू आलं. बाकी काहीही असतं तर मी अडले असते, सीटचं मला काय वाटणार होतं?

गाडी दारात आली तरी जावई खाली उतरले नाहीत. मी रोज शाळेच्या आधी बायपासवर जायची. मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं बांधून. वजन मागे असलं की गाडी वेगळी वागते, ती वळताना आपल्या आधी वळायला बघते. आठ-दहा दिवस ठीक गेले. मग एका सकाळी वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला, गाडी आडवी झाली, पोतं फाटलं आणि ज्वारी रस्ताभर. माझा गुडघा सोलला. दोन माणसांनी गाडी उभी करून दिली. मी लंगडत, अर्धं पोतं घेऊन घरी आले आणि त्यांना खरं ते सांगितलं. ते किती तरी दिवसांनी मोठ्यानं हसले. "बरं झालं मी नव्हतो," म्हणाले. मला रडू आलं, ते त्यांना आवाजावरून कळलं असणार. म्हणाले, "पोत्याला काय कळतंय. तू तिसऱ्यावरून दुसरा टाकताना लई घाई करतीस, मी रोज ऐकतोय वरून. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी ते मागे बसले आणि मला सुरुवातीला गाडी पुढं नेता येईना. तुमचं वाक्य कानात. पाय टेकलेले, इंजिन चालू, आणि मी तशीच. ते म्हणाले, "काय झालं?" आणि तिथं, बायपासच्या कडेला, तीस वर्षांनी मी त्यांना इतवाऱ्याच्या वाटेवरची ती हातगाडी, भावाची हनुवटी आणि तुम्ही काय म्हणालात ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अब्बा चुकीचं न्हाई बोलले. मागचा आंधळाच असतो. मी तर पक्का हाय. तर तू बोल. खड्डा आला की खड्डा म्हण, ब्रेक दाबायच्या आधी ब्रेक म्हण. एवढंच तर हाय." एवढंच होतं, अब्बा. मी बोलायला लागले. खड्डा. डावीकडं. ब्रेक. गतिरोधक. पुण्याहून लेकीनं हेल्मेटात बसवायची बोलायची यंत्रं पाठवली, मग ओरडावंही लागेना.

नांदेडला गाडी मी एकटीनं नेली. भाऊ आता दुकानात तुमच्याच जागी बसतो, केस पांढरे झालेत, हनुवटीवरची खूण दाढीत लपलीय. त्यानं सीट काढली, जुना फोम फेकला, नवीन दोन थरांचा कापला, खाली कडक, वर मऊ, आणि मागची कड किंचित उचलून घेतली. मी म्हणाले, "दुल्हेभाई आले नाहीत, माप कसं घेणार?" तो म्हणाला, "आपा, माझं वजन तेवढंच हाय. चल." म्हणजे तोच बसणार होता. त्यानं हेल्मेट घातलं, मागे बसला आणि आम्ही नाक्यावरून पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. मी सगळा वेळ बोलत होते. उतरल्यावर त्यानं अंगठ्यानं फोम दाबून बघितला आणि म्हणाला, "अजून अर्धा इंच कमी करतो. बाकी तू चांगली चालवतीस." मी विचारलं, तुला राग होता का रे माझा? तो म्हणाला, "राग कसला? मला तर तेव्हा आवडलं होतं. पडेपर्यंत."

मग आम्ही निघालो. थंडीचे दिवस, सकाळचं ऊन. पहिला मुक्काम सोलापूर, दुसरा विजापूर. दर पन्नास किलोमीटरला थांबायचं हा नियम मी घालून घेतला होता, त्यांना नको असलं तरी. विजापूरच्या अलीकडं उसाची ट्रॉली वळणावर दिवे नसलेली, रस्त्यातच उभी. मी "ब्रेक" म्हणाले आणि दाबला. ते आधीच टेकूला पाठ लावून बसले होते. गाडी सरळ उभी राहिली, ते जागचे हलले नाहीत. मी कडेला घेतली. त्यांनी पाण्याची बाटली काढली, आधी मला दिली. "चांगली थांबवलीस," म्हणाले. "आता निघ. इथं बसलो तर बसूनच राहू." आणि मी निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी बदामी. त्या कातळातल्या पायऱ्या ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले, वर पोचल्यावर थंडगार दगडी भिंतीला टेकून उभे राहिले आणि मला समोर काय आहे ते विचारत राहिले. मी तासभर सांगत होते. त्यांनी मला एकदाही घाई करू दिली नाही.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही बोललात ते बरोबर होतं. पण पुढच्या रविवारी तुम्ही किल्ली परत द्यायला हवी होती. मी आवरून बसले होते, तुम्ही पाहिलंत. मैदानावर नेऊन, भावाला मागे बसवून, बोलत बोलत चालव असं सांगितलं असतं तर मला तीस वर्षं लागली नसती. हे मी तुमच्यासमोर कधी म्हटलं नसतं. आता म्हणतेय, आणि माझा तुमच्यावरचा जीव त्यानं कमी होत नाही. पुढं हंपीला जायचं ठरतंय. उन्हाळा संपला की.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, निबंधाच्या वहीसारखं घरातच राहील. म्हणून एवढं एक कबूल करते. निघालो त्या पहिल्या सकाळी, औसा सोडल्यावर, त्यांनी विचारलं, "डाव्या हाताला सूर्यफूल असंल बघ. मी यायचो तेव्हा बांधापासून बांधापर्यंत पिवळं असायचं." तोवर ते मागचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. मी बघितलं. सोयाबीन काढून झालेली उघडी रानं होती आणि एका गोदामाचा पत्रा. मी म्हणाले, "हाव, हाय की. पार लांबपर्यंत." त्यांनी गज सोडला आणि हात मांडीवर ठेवले, गाडीच्या वजनातनं मला ते कळलं. येताना आम्ही त्याच रस्त्यानं आलो. त्या जागी त्यांनी काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही.