एका खांबावर दोन तेरा

मंगळवार, तारीख नऊ

धाकट्या,

तू बरा असशील असं धरून चालतो. आम्ही दोघं बरी आहोत. उजवा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला मला वेळ नाही. तुझी वहिनी मागे उभी राहून म्हणते, "पत्र लिहिताय की पाटी रंगवताय? चार ओळींत कागद संपला." हाताला मोठ्या अक्षरांची सवय, त्याला मी काय करू? सातवी अर्धी सोडलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस.

आधी गावच्या बातम्या. म्हातारा नावाडी गेल्या वर्षी वारला. त्याची होडी काठावर उलटी पडली आहे, खाली कोंबड्या राहतात. न्हाव्याने दुकान चौकात हलवलं. पाटी माझ्याकडेच दिली, वर म्हणाला, "काका, जरा फॅशनची अक्षरं काढा की." काढली नाहीत. खालच्या गल्लीत आता सगळी दुमजली पक्की घरं झाली आहेत.

दुसरं म्हणजे, पुलाच्या तिसऱ्या खांबावर पालिकेने यंत्र बसवलं. पाणी किती चढलं ते यंत्र स्वतःच मोजतं आणि ऑफिसात कळवतं. तू खांबावरचं पाणी वाचायला बसायचास त्या चौकीत आता झाडू ठेवतात.

यंत्र बसवायला एक इंजिनियर मुलगी आली होती. डोक्यावर पिवळी टोपी, बोलणं कमी, काम चोख. खांब स्वच्छ हवा म्हणून तिने पाण्याच्या उंचीचे मी रंगवलेले आकडे खरवडायला लावले. मी पुलावर उभा होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. वरचा रंग निघाला आणि खाली दुसरे आकडे दिसले. एका खांबावर दोन तेरा. एकाच्या वर बरोबर फूटभर दुसरा.

"आजोबा, हे कोणी काढलेत?" तिने विचारलं.

शेजारी खालच्या गल्लीतली इस्त्रीवाली उभी होती. तिने माझ्याकडे बोट केलं. "शेपटीवाला तीन अख्ख्या गावात हाच माणूस काढतो." सगळे हसले. मीही हसलो आणि घरी आलो.

मग दोन दिवस जेवण गेलं नाही. उन्हाचं असेल. वहिनी म्हणते, ऊन कुठे होतं, आभाळ तर भरलेलं होतं.

बरं, आता लिहितो.

तुला माहीत आहे, मी वरून खाली रंगवत येतो. खालून वर गेलं की ओघळ तयार अक्षरांवर उतरतात. पुराच्या आधीच्या उन्हाळ्यात आकडे पुसट झाले म्हणून पालिकेने मला खांब रंगवायला दिला. पुलाच्या काठापासून दोन हात खाली वीस, तिथून फुटाफुटाने एकेक आकडा कमी करत यायचं, हा जुना हिशोब. जुन्या खुणा मी आधीच घासून काढल्या होत्या, काम स्वच्छ दिसावं म्हणून. मग फळीवर बसलो, काठावरून दोरी सोडली आणि वीस काढला.

पण त्याच महिन्यात पुलाच्या काठावर फूटभर काँक्रीट चढवलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत चढवलं होतं. काठ फूटभर वर गेला, त्याबरोबर माझा वीस वर गेला, आणि बाकीचे सगळे आकडेही. खाली तळाशी जुळतंय का ते बघायला गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं असतं. उतरलो नाही. दुसऱ्या दिवशी कोणाची तरी पाटी द्यायची होती. कोणाची ते आता आठवतही नाही.

म्हणजे पाणी चौदाला असलं की खांब तेरा दाखवायचा.

चौदाला भोंगा वाजवायचा, हा तुझा नियम. त्या दुपारी तू खांब पाहिलास, वहीत तेरा लिहिलंस आणि थांबलास. तेव्हा खालच्या गल्लीत पाणी उंबऱ्याच्या आत शिरलं होतं. चौकीतून गल्ली दिसत नाही, मिलची भिंत आड येते. भोंगा वाजला नाही म्हणून कोणी काही उचललं नाही. सात घरांच्या भिंती बसल्या. माणूस दगावलं नाही एवढंच. लोक म्हणाले, जेवून झोपला असणार. पालिकेच्या चौकशीत तू एकच वाक्य बोलत राहिलास, "मी तेराच पाहिला." पाच वेळा म्हणालास. मी मागच्या बाकावर होतो. सगळ्यांसमोर उठून मी म्हणालो, "डोळे तपासून घे."

चष्मेवाल्याकडे मीच तुला घेऊन गेलो. त्याने बारीक नंबर काढला. बारीक नंबर कोणाचाही निघतो. तू चष्मा लावलास आणि त्यानंतर तेरा पाहिल्याचं कधी बोलला नाहीस. तुझं लग्न ठरलं होतं. तिच्या बापाने निरोप पाठवला, ज्याला आकडा दिसत नाही त्याला मुलगी कशी देऊ. नोकरी आधीच गेली होती. मग तूही गेलास. आम्ही तुला स्टँडवर सोडायला आलो, तेव्हा बसची पाटी तू दोनदा वाचलीस आणि तरी मला विचारलंस, "हीच ना?"

आता वरचं वाचून वाटेल, मला हे सगळं त्या मुलीमुळे कळलं. तसं नाही. मला पुढच्याच उन्हाळ्यात कळलं. नदी आटली होती. माझा ब्रश खाली पडला म्हणून मी खांबापाशी उतरलो. तळाच्या दगडावर शून्याची जुनी खूण कोरलेली आहे. तिथून माझ्या एकपर्यंत दोन फूट भरले. पुन्हा मोजलं. दोनच. पालिकेत जाऊन सांगितलं, रंग उडालाय, फुकट मारून देतो. जुन्यावर पांढरा मारला आणि सगळे आकडे फूटभर खाली घेतले. कोणी काही विचारलं नाही.

तू जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. तुझा पत्ता माझ्याकडे होता.

त्यानंतर अठरा पत्रं लिहिली तुला. पाऊसपाणी लिहिलं, तब्येत लिहिली. हे लिहिलं नाही. का लिहिलं नाही, ते सांगायला गेलो तर पुन्हा पांढरा रंग मारल्यासारखं होईल.

शुक्रवारी वहिनीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "मला काय सांगताय? चष्मा मला लावला होता का?"

शनिवारी पालिकेत गेलो. कारकून म्हणाला, "आजोबा, तेव्हाचं कोणी उरलं नाही. अर्ज द्या, बघू." म्हटलं, विषय काय लिहू? म्हणाला, "इतर लिहा." मी कोरा अर्ज तिथेच ठेवून घरी आलो आणि फळी तासायला घेतली.

खालच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवालीची भिंत आहे. तिला विचारून काल पाटी ठोकली. तीन बाय दोन. पांढऱ्यावर काळं. "पुराच्या दिवशी चौकीवाल्याने खांब बरोबर वाचला होता. आकडे मी चुकीचे रंगवले होते." खाली माझं पूर्ण नाव.

त्या पुरात तिची मागची भिंत गेली होती. तुला शिव्या देण्यात तिचाच आवाज सगळ्यात मोठा होता. तिने गरम इस्त्री हातात धरून पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"म्हणजे इतकी वर्षं मी भलत्यालाच शिव्या घातल्या?"

"हो."

"माझ्या दुकानाची पाटी पुसट झालीय. ती आता दुसऱ्याकडून करून घेईन."

म्हटलं, बरं. आज सकाळी न्हाव्यानेही त्याची पाटी उतरवली. मी दुसरा धंदा शिकलेलो नाही, पण ते माझं मी बघेन. तू त्यात पडू नकोस.

ये म्हणायचा हक्क मला नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही. पाटी पक्क्या रंगाची आहे, दहा वर्षं हलत नाही. कधी आलास तर तो चष्मा खिशात ठेव आणि रस्त्याच्या पलीकडून वाच. तुला दिसेल.

तेव्हाही दिसतच होतं.

डोळे ज्याचे तपासायला हवे होते, तो
तुझा थोरला