जंगालाची रेघ

दादा, हिरवी रेघ उतरली नाही. चार दिवस उन्हात वाळवलेला कागद आज सकाळी ठाकूरवाडीच्या म्हातारीने स्वतः पाण्याच्या हंड्यात बुडवला, अंगठ्याने घासला आणि म्हणाली, "नाय रं जात. आता दे रानाच्या साह्यबाला." वाडीची माणसं राबासाठी ज्या रानातल्या फांद्या तोडतात, त्याची ही हद्द. गेल्या पावसाळ्यात माझ्या आधीच्या नकाशातली रेघ ओघळून ओढ्यापार पसरली. हद्द दिसेना, म्हणून रानाच्या शिपायाने कोयते काढून नेले. वाफ्यावर फांद्यांचा राब भाजला नाही तर भाताचं रोप होत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं?

तुम्ही खालापूरच्या कचेरीत नकाशे काढायचात. त्या काळातला एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. स्वयंपाकघरात तुम्ही तांब्याचे पत्रे आंबट ताकात ठेवले आहेत, त्यांवर जंगाल, तो हिरवा गंज, चढायची वाट पाहत आहात. माझं लग्न होऊन वर्ष झालंय, तरी धीर नाही. काळ्या शाईच्या सवयीने मी हिरडा टाकतो आणि सगळं आईच्या लोखंडी कढईत उकळत ठेवतो. घटकेत नुसतं डांबर. "लोखंडात हिरवं शिजवतोय हा! शाई करतोस का वांगी भाजतोस, रं?" तुम्ही म्हणता. आई तुम्हालाच सुनावते, "हसू नका. कढई कोण घासनार, तुमी?" जंगालाला पंधरा दिवस द्यावे लागतात, एवढंच तुम्ही शिकवत होतात. पण पुढे मी कर्जतला स्टेशनाबाहेर अर्ज लिहून देऊ लागलो, आणि तिथे गाडी सुटायच्या आत कागद हातात द्यावा लागतो.

या खेपेला मी पंधरा दिवस दिले. पोलादी टाकावर ही शाई तांबूस थर चढवते, म्हणून रेल्वेच्या एका साहेबाने जाताना दिलेली, पोटात शाई भरायची, सोन्याच्या टोकाची लेखणी काढली. पहिल्या दिवशी डिंकाने तिचा घसाच बसला. डिंक निम्मा केला, शाई तीनदा फडक्यातून गाळली. मग ओढ्यापासून टेकडीपर्यंत हात न थांबवता हद्द ओढली.

आधीचा नकाशा दमट हवेने बिघडला, असं मी वाडीला सांगितलं होतं. खरं तर घाईत बाजारातली पुडीची शाई वापरली होती. म्हातारीला आज तेही सांगितलं. तिने ओला कागद माझ्या हातात दिला.

"ह्ये साह्यबापुडं बोलशील?"

"बोलेन."

"मग तुजं नकाशांचं काम जाईल की रं."

"जाईल. कोयते तर येतील."

तुम्ही गेलात, हे पत्र आता कुठे पाठवणार? पण कबूल करतो, तुम्ही असतात तर तुमच्याही तोंडावर मी हवेलाच दोष दिला असता. सोमवारी साहेबांचा तळ खालापुरात पडेल. दोन्ही नकाशे नेणार आहे. आधी जुना उलगडेन.