तुमच्या मोरीत कुठला साबण आहे

बाई, तुमची खोली अजून उघडी आहे. हे आधी सांगतो, कारण तुम्ही असतात तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंत. पाटीवर अन्नपेढी लिहिलेलं असलं तरी देणारे आणि घेणारे दोघेही अजून 'बाईंची खोली'च म्हणतात. सोसायटीच्या कमिटीने मात्र तोंडी सांगून ठेवलंय, की मांडण्या अशाच रिकाम्या राहणार असतील तर तिथे दुचाक्या लावता येतील. चेअरमन काही वाईट माणूस नाही. पण डोंबिवलीत रिकामी जागा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही?

मी नववीतून शाळा सोडली, तरी तुम्ही मला सोडलं नाहीत. निवृत्त झाल्यावर गरजूंना फुकट सामान देणारी ही खोली काढलीत आणि मला हाताशी घेतलंत. तुमचं म्हणणं असायचं, की डाळ-तांदूळ कोणीही देतं, त्याचं पुण्य लोकांना ठाऊक असतं. साबण, कपड्यांची पावडर, पोरींचे पॅड यांचं पुण्य कोणी सांगितलेलं नाही, म्हणून ते आपण मागायचं, आणि बनवणाऱ्यांकडेच मागायचं. एमआयडीसीतल्या साबणवाल्या काकांकडे आपण पहिल्यांदा गेलो तो दिवस मला अजून दिसतो. शेडमध्ये गरम चरबीचा आणि अत्तराचा एकत्र वास येतोय. काका खुशीत आहेत. चेपलेल्या, रंग बिघडलेल्या वड्यांचं खोकं ते पुढे सरकवतात. तुम्ही एक वडी उचलता, नाकाशी नेता, परत ठेवता, आणि वर्गात फळ्याजवळ बोलवायचात त्याच आवाजात विचारता, "तुमच्या मोरीत कुठला साबण आहे?" काका आधी हसतात, मग कान खाजवतात. मग सांगतात, की घरी ते चंदनाचा नेतात, दुकानात जातो तो. तुम्ही म्हणता, "मग तोच द्या. कमी द्या."

त्यांनी तोच दिला. दर महिन्याला स्वतः रिक्षात बसून, खोकं मांडीवर घेऊन यायचे. दुसऱ्या कारखानदारांना चिडवायचे, बाईंकडे जायचं तर आधी घरच्या मोरीत डोकावून जा. आंबिवलीला पॅड बनवणाऱ्या ताईंनीही पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, की माझी मुलगी हेच वापरते, विचारू नका. तुम्ही किती हसला होतात.

मला नीटनेटकं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. एकदा तुम्ही यायच्या आत मी सगळ्यांसाठी सारख्या पिशव्या भरून ओळीने लावून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत तेच, तेवढंच. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही चप्पलही न काढता दारातच थांबलात. म्हणालात, "हे वाटप झालं. लोक इथे वाटपाला येत नाहीत, सामान घ्यायला येतात. सोड सगळ्या." मी सोडल्या. माल परत मांडणीवर लावला. मग लोक आले आणि हात मागे बांधून, दुकानात बघतात तसे बघत फिरले. त्यानंतर प्रत्येक साबणाची एक वडी तुम्ही वेष्टन काढून बशीत ठेवायला लागलात, वास घेऊन निवडता यावं म्हणून.

ते खरं तर खाडीवरच्या मावशींमुळे. त्या मासळी विकून परस्पर यायच्या. मासळीची पाटी बाहेर ठेवायच्या, आणि बशीतली एकेक वडी नाकाशी धरून डोळे मिटायच्या. चंदनाचा, गुलाबाचा, परत चंदनाचा. मागचे लोक ताटकळायचे, मी घड्याळाकडे बघायचो. तुम्ही म्हणायचात, "घेऊ दे रे. दिवसभर तिच्या नाकात काय असतं, ते आठव." शेवटी त्या चंदनाचाच घ्यायच्या.

तुम्ही गेलात. मग काकांचा कारखाना बंद झाला. त्यांच्या मुलांना तो चालवायचा नव्हता, आणि त्या पट्ट्यातले कारखाने हलवणार, हलवणार हे ऐकून काकाही थकले होते. शेवटचं खोकं आणलं तेव्हा ते खोलीत बसून राहिले, चहा घेतला नाही. आंबिवलीच्या ताईंनी मशीन विकलं. मी नव्या लोकांकडे जातो. तुमचा प्रश्न घोकून जातो. पण तुम्ही विचारलात की तो प्रश्न असायचा. मी विचारला की उद्धटपणा होतो. पांढरा शर्ट घातला तरी होतो.

शेवटी ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. टेम्पो भरून साबण द्यायचे होते. मी गेलो. तिथल्या मॅडम तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी एक साबण माझ्यापुढे ठेवला. मी तो उचलला, वास घेतला. वास नव्हताच. गोदामात फार दिवस पडून राहिलेला माल होता, वापरायची मुदत संपत आलेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दादा, एकच आहे. प्रत्येकाचा साबण हातात धरून फोटो लागेल. त्याशिवाय वरून मंजूर होत नाही." मला मांडण्या दिसल्या. मांडण्यांच्या जागी दुचाक्या दिसल्या. मी म्हणालो, "चालेल मॅडम." तुमचा प्रश्न मी तिथे विचारला नाही. त्यांच्या मोरीत काय आहे, ते त्यांच्या हातांच्या वासावरून कळत होतंच.

गेल्या रविवारी वाटप झालं. होय, वाटपच म्हणतो. मॅडमनी फलक आणला होता, तो मांडण्यांवरूनच बांधला. लोकांना ओळीत उभं केलं. साबण छातीशी, कंपनीचं नाव समोर. मला वाटलं होतं, कोणीतरी नाही म्हणेल. कोणीच म्हटलं नाही. मावशी धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या, फोटो आहे असं कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. त्यांनी सवयीने साबण नाकाशी नेला. फोटोवाला म्हणाला, आजी, खाली धरा, नाव दिसत नाही. त्यांनी खाली धरला. फोटो झाल्यावर परत वर नेला, डोळे मिटले.

"बाला, याला वासच नाय," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, दुसरा नाही आता.

"ऱ्हाऊ दे. मना काय लगनाला जायचाय?" असं म्हणून त्यांनी तो पिशवीत टाकला. बशी कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. ती फलकामागे होती. तिच्यात चंदनाची एक जुनी वडी होती, भेगा पडलेली. मी ती काढून दिली नाही. एकाला दिली की बाकीच्यांना काय सांगायचं, या विचारात त्या निघूनही गेल्या.

चेअरमनना फोटो आवडले. खोली राहील म्हणतात. मॅडम पुढच्या वेळी फरशी पुसायचं फिनेल पाठवणार आहेत. तेही असंच असेल.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. पुन्हा वाचून, चुका दुरुस्त करून ठेवून देईन. एवढंच सांगायचं राहिलं, की त्या साबणातला एक मी घरी आणला आणि मोरीत ठेवला, म्हणजे कोणी तुमचा प्रश्न मला विचारलाच तर खरं उत्तर देता यावं. तो तिथे कोरडाच आहे, बाई. अंघोळ मी अजून काकांच्या चंदनाच्या तुकड्यानेच करतो.